साडूचा मास्क

आता तुम्हीच सांगा, शिंक आली की माणूस मास्क वर करतो की खाली? वर ना? नाकावर घट्ट दाबून धरतो ना? मग आमच्या साडूनं काय करावं? मास्क खाली करून शिंकला हो! माझ्या तोंडासमोर! शी शी शी!

अहो, तुम्हाला सांगतो, किती जपलं होतं मी! माझी नात दिवस भरायच्या आधीच जन्मली, मूठभर जीव, हॉस्पिटलात काचेच्या पेटीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शुक्रवारी बाहेर काढू, आजोबांनी मांडीवर घ्यायला हरकत नाही, पण साथीच्या तपासणीचा रिपोर्ट स्वच्छ हवा!" झालं! मी घरात कोंडून घेतलं. दूधवाल्याशी दाराआडून बोललो. वर्तमानपत्र उन्हात वाळवून वाचलं. बायको म्हणाली, "अहो, बातम्या करपल्या!" म्हटलं, करपू देत! मला नात घ्यायचीये!

आणि अशात दारात उगवला हा. धंदा काय? तर मास्क विकायचा! परदेशात मास्कवाल्यांचा मोठा मेळावा होता, तिथून थेट इकडे. विषय काय, तर 'साथ कशी रोखावी'! वीस-बावीस देशांची माणसं, खिडक्या बंद, गळाभेटी, एकच माईक, तो ज्याच्या त्याच्या तोंडाला... आणि मग जो तो आपापल्या विमानात बसून आपापल्या देशी! रोखायला जमले आणि वाटून घेऊन गेले की हो!

मी म्हटलं, "दारातूनच बोला." तर हा, "साडूभाऊ, मी याच लाइनीतला माणूस, मला शिकवता?" आत आला, सोफ्यावर ऐसपैस बसला, माझ्यासमोर चहा होता तो निरखायला लागला, आणि मग... नाक वाकडं, डोळे बारीक, मी किंचाळलो, "मास्क! मास्क!" आणि यानं दोन बोटांनी तो हनुवटीखाली ओढला आणि... आऽऽक्छी! माझ्या चहात, माझ्या चष्म्यावर, माझ्या उघड्या तोंडात! उघडं का? ओरडत होतो ना मी!

मास्क खाली करून शिंकला हो! मी विचारलं, "का पण? का?" तर म्हणतो कसा, "आतल्या आत शिंकलं की खराब होतो ना! भारीतला आहे!" आणि तोच ओला हात माझ्या खांद्यावर थोपटला. "घाबरू नका, धुळीची ॲलर्जी आहे."

बुधवारी घसा, गुरुवारी ताप. रिपोर्ट? विचारूच नका. शुक्रवार आला आणि गेला, मी मागच्या खोलीत, ताट उंबऱ्याबाहेर... आणि सांगायला लाज कसली, रडलो मी.

मग आरोग्य खात्यातल्या बाईंचा फोन. "कुणाच्या संपर्कात आलात?" म्हटलं, वेळ आहे ना तुम्हाला? ऐका! मास्क खाली करून शिंकला हो, बाई! चहा, चष्मा, सगळं सांगितलं. त्यांनी त्याला तपासलं. तो निगेटिव्ह! असणारच की! होतं नव्हतं ते सगळं माझ्या अंगावर शिंकून मोकळा झाला होता! वर बाई मलाच म्हणतात, "आजोबा, तुमच्यामुळे त्यांना धोका होता. जरा जबाबदारीनं वागा." मी! जबाबदारीनं! पाठोपाठ साडूचा फोन. "साडूभाऊ, मनाला लावून घेऊ नका. मी तुम्हाला माफ केलंय."

थांबा, संपलं नाही. बायको माझ्यापायी घरात अडकलेली. मोठ्या माणसांत स्वच्छ रिपोर्टवाला उरला कोण? हाच! लेकीनं त्यालाच बोलावलं. मग मला फोनवर दाखवली नात. इवलीशी, मुठी आवळलेली... आणि कुणाच्या मांडीवर? त्याच्या! फोनमध्ये तोंड घालून सांगतो, "साडूभाऊ, काही म्हणा, नाक मात्र डिट्टो तुमचं घेतलंय!"

घेतलं असेल बाबा. छानच झालं. माझं आता तिनंच वापरावं, मला चार दिवस कशाचा म्हणून वास येत नाही.