घोडा पत्र्यावर उतरला

आवडते लेखक सांगून राहिलात, तर माझंही ऐका. लातूरला क्लासला होते, तेव्हा मेसमध्ये असाच विषय निघाला. मी उडत्या घोड्याचं जादूचं पुस्तक सांगितलं.

नांदेडची मैत्रीण म्हणाली, "लई रडले गं मी. शेवटी घोडा मरतो."

"न्हाई! तो पत्र्याच्या शेडवर उतरतो अन् पोरांना पाठीवर घेतो."

"राजा-राणीच्या गोष्टीत पत्र्याचं शेड?"

मग माझी ट्यूब पेटली. लहानपणी भूकंपात घर पडल्यावर आम्ही शेडमध्येच राहायचो, अन् पुस्तक आई वाचून दाखवायची. तिला स्पीकरवर फोन लावला.

"हाव, बदलला शेवट," आई म्हणाली. "तेवढ्या मरणात अजून एक कशाला?"

नांदेडवाली डोळे पुसत म्हणाली, "ह्या लेखिका काकूंची अजून कोणती पुस्तकं हायेत गं?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "तिनं वाचून दाखवलेली सगळीच!"