राखून ठेवलेली धूळ

— अहो पुसू नका, पुसू नका! तसेच बसा खुर्चीवर. पँट मळेल? मळू द्या की साहेब, कोर्टानं तुम्हाला पाहणीलाच पाठवलंय ना — मग पाहा. समोरच्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या वितळवतात, त्यातल्या शिशाची ही धूळ. कपाटावर, पंख्यावर, भांड्यांवर. सगळ्यांत जवळचं घर म्हणून पाहणीला आमचंच ठरलंय. मागच्या खेपेलाही आमचंच होतं. तेव्हा काय चकचकीत होतं म्हणून सांगू! का? अहो, कोर्टाचे साहेब येणार म्हटल्यावर आमच्या सासूबाईंनी अख्खी गल्ली कामाला लावली — भिंती धुतल्या, छपरं झाडली, कुंडीतल्या झाडांची पानं न् पानं पुसली. पाहुण्यासमोर घाण दिसायला नको! पुरावाच मोरीत ओततोय हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. त्या साहेबांनी चहा घेतला, वा वा केली, आणि लिहून दिलं — परिसर स्वच्छ आढळला. झालं, कारखान्यावरची आमची केस आपटली.

आता वरच्या कोर्टात उभी राहिलीये, तर आमच्या वकीलबाईंनी बजावलंय — कशालाही हात लावायचा नाही. नाही लावला. मला उष्टं भांडं रात्रभर पडलेलं बघवत नाही, ती मी या उकिरड्यात राहतेय. सासूबाईंनी बोलणं टाकलंय. शेजारणी नाकं मुरडतात — मुरडू देत!

कुठला कोपरा? तो... हां. तो स्वच्छ आहे. तिकडे नका बघू, बाकीचं घर बघा. अहो, लागला हात चुकून — चुकून कसला, मीच पुसते. रोज. वकीलबाईंना सांगू नका. तिथे माझी मुलगी झोपते. चार वर्षांची झाली, अजून 'आई'पुढे शब्द नाही. रक्तात शिसं निघालंय. डॉक्टर म्हणतात धुळीपासून लांब ठेवा, वकीलबाई म्हणतात धूळ जपून ठेवा — मी कुणाचं ऐकू? तुमच्या कोर्टाला पटावं म्हणून माझ्या लेकरानं अजून किती खायची ही धूळ? ती काय भिंतीला टेकून एका जागी बसते? सगळीकडे रांगते, लोळते, हात तोंडात घालते!

काय? धूळ तुम्ही नाही नेणार? नुसतंच बघायला आलात? नमुना घेणारा माणूस वेगळा — तो कधी येणार? पुढच्या महिन्यात? आणि तोवर हे असंच? असंच ठेवायचं? साधी डबी नाही आणली हो तुम्ही?

सासूबाई! अहो सासूबाई, बादली भरा. हो, आत्ता. फडका कुठंय?

केसचं? होईल ते होईल केसचं. पोरगी राहते माझी इथे, तुमच्या पुराव्याचं गोदाम नाही हे. बघता काय माझ्याकडे? लिहा — परिसर स्वच्छ आढळला. पाय उचला.