तळपायाचा तीळ

...आन् वर मलाच म्हनतात, घाबरू नका! अवं, घाबरू नको तर काय नाचू? तुमास्नी सांगतो, मी कोंडाजी, मुळशीच्या धरनाकाठचा, भाताच्या चिखलात उभा जन्म गेला, पायावरनं साप गेला तरी हललो न्हाई... आन् ह्या तळपायाच्या एवढ्याशा तिळानं माजं पानी पानी केलं!

तीळ तसा जुनाच. शेजारचा गेनबा कायम म्हनायचा, "कोंडाजी, तळपायाला तीळ हाय, लई फिरशील लेका!" कुटं फिरतोय? पौडाच्या म्होरं कवा गेलो असंन तर लग्नाला! पन सत्त्याऐंशी साली, लावनीच्या टायमाला, तो तीळच पसराय लागला. पावलीयेवढा झाला, कडा वाकड्यातिकड्या, चिखलातनं पाय काढला की रगत! मी म्हनलं, काटा मोडला आसंल. तर आमची कारभारीन सगुनाबाई म्हनती, "काट्याला कवा मुळं फुटत्यात व्हय? चला पुन्याला!"

दवाखान्यात तुकडा काढून तपासला. डाक्टरीनबाई आमच्या लेकीयेवढी. म्हनली, "काका, हा कॅन्सर आहे. पण घाबरू नका." घाबरू नका म्हनं! कॅन्सर म्हनायचं आन् त्याच दमात घाबरू नका म्हनायचं! पुढचं मला काय ऐकूच आलं न्हाई, नुस्तं तिचं व्हट हलताना दिसत व्हतं...

मग ती माजी जांघ चाचपाय लागली. म्हनलं, "बाई, दुखनं पायात हाय, तुमी वर कुटं निघालाय?"

"काका, या पेशी एका जागी थांबत नाहीत. प्रथिनं असतात ना, प्रोटीन, त्यातली काही म्हणजे निरोपच. तो निरोप पोचला की पेशी वाढतात, शेजारणीचा धरलेला हात सोडतात आणि वाट काढत चालायला लागतात. पहिला मुक्काम बहुतेक जांघेतल्या गाठीत."

"आन् निरोप धाडतं कोन?"

"कधी शेजारच्या पेशी, कधी ती स्वतःच स्वतःला. सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही, परदेशात शोध चालू आहे."

ऐकलंत? सोताच सोताला म्हनायचं, ऊठ, चल, आन् सोताच निघायचं! हिला बी पुरतं कळंना, परदेशात बी कळंना, आन् म्या मातुर घाबरायचं न्हाई!

झालं ऑपरेशन. तिळाभवतीचं मांस काढलं, मांडीची कातडी तळपायाला लावली, जांघंतल्या गाठी काढून तपासाय धाडल्या आन् मला घरी धाडलं. घरी पडल्या पडल्या मला आठवलं... अंगनवाडीची बाई भिताडावर चित्रं लावून सांगायची, डाळीत प्रोटीन, अंड्यात प्रोटीन, मासळीत प्रोटीन! आरं देवा! मंजी निरोप माज्या ताटातनंच जातोय की! सोडलं समदं. नुस्ता भात आन् मीठ.

सगुना म्हनायची, "आवं, ताजी मासळी हाय, दोन घास खावा."

"नको. हिच्यातनं निरोप जातोय."

"कुनाला?"

"जांघंला!"

तिनं पदरात तोंड घातलं आन् चुलीकडं गेली. मला वाटलं, हासतीया. जरा येळानं बगतोय तर रडत व्हती! माजी आई गेली तवा बी न रडलेली बाई ही... तवा मला जे भ्या वाटलं, ते कॅन्सर ऐकून बी वाटलं नव्हतं. तरी डाळ खाल्ली न्हाई म्या! भ्यालेल्या मानसाला अक्कल कुटली?

पट्टी बदलाय गेलो तर जखम ओलीच, वास मारतीया. डाक्टरीनबाई म्हनली, "काका, जेवता काय?" सगुनानं समदं सांगितलं, डाळीपासनं जांघंपत्तूर. बाईनं कपाळाला हात लावला. "अहो, ती प्रथिनं वेगळी! ती शरीरातल्या पेशी स्वतः बनवतात. ताटातला निरोप तिथं पोचत नाही. तुम्ही डाळ, अंडी खाल्ली नाहीत तर जखम भरणार कशी?"

तिचं बोलनं व्हतंय न व्हतंय तवर सगुनानं पिशवीतनं उकडलेलं अंडं काढलं, सोललं, आन् तितंच, समद्या आजाऱ्यांदेखत, माज्या तोंडात कोंबलं! नर्सबाई वरडली, "इथं खायचं नाही!" सगुना म्हनली, "हे खात्यात तवर मला कुनी आडवायचं न्हाई!"

जखम भरली बगा. मग गाठींचा रिपोर्ट घ्याया गेलो. भिताडाला धरून हुबा... डाक्टरीनबाईनं कागद वाचला, म्हनली, "गाठींत काही सापडलं नाही, काका." सगुना मटकन खालीच बसली. म्या इचारलं, "मंजी गेला का समदा?"

ती म्हनली, "दिसत तरी नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला येत चला. आणि घाबरू नका."

घाबरू नका म्हनं! दिसत तरी न्हाई म्हनं! अवं, आमच्या डोंगरातला बिबट्या तरी रोज कुटं दिसतोय? तरी दाराला कडी घालूनच झोपतो की आमी. आता काय... कडी घालायची आन् पडायचं. भ्यालं म्हनून काय जलमभर जागं ऱ्हाता येतंय व्हय?