कानातला बोळा

— नाही नाही, तिथंच उभे राहा साहेब, जाळीचं दार मी बाहेरून लावलंय — ओरडा की, खुशाल ओरडा, सगळे जेवायला गेलेत आणि कॉम्प्रेसर चालू आहे, कोण ऐकणार? मघाशी विचारलंत ना, "बाई, एवढं काय आभाळ कोसळलं?" — सांगते. वर बघा. तो लोखंडी हात, त्याच्या टोकाचा पंजा — त्यानं माझ्या धाकट्या भावाचा जबडा फोडला. त्याचे दात फरशीवरून मी वेचले. मी, सख्ख्या बहिणीनं.

आणि त्याच्या बायकोला तुम्ही काय सांगितलंत? "तोच आगाऊपणे आत शिरला." शिरला? तुम्ही पाठवलंत! पंजात झाकण अडकलं, तो म्हणाला यंत्र बंद करून काढतो, तर तुम्ही — चालू राहू दे, पुन्हा सगळं जुळवत कोण बसणार, दार उघडलं की यंत्र थांबवणाऱ्या त्या खटक्यात पाचर मार अन् जा.

या हाताला चालवणारा कंट्रोलर मीच बसवते, तेव्हा आज माझ्याकडून समजून घ्या — पळायला जागा नाहीच म्हणा. हा हात थांबला की टोक थरथरतं. कंट्रोलरला ते जाणवतं, तो सावरायला जातो, पण पोचतो उशिरा — टोक परत निघालेलं असतं तेव्हा हा मागून ढकलतो, झोपाळ्याला झोका दिल्यासारखा. वाढतं, वाढतं आणि लोखंड पिसाळतं. म्हणून नॉच फिल्टर. आम्ही बोळा म्हणतो. त्या एका थरथरीपुरता कंट्रोलरला बहिरा करायचा, बस्स. पण तो नेमका तिच्यावरच बसायला हवा — आणि तुम्ही पंजा बदललात, दुप्पट जड आणलात! जड झालं की थरथर संथ होते, जागा सोडते. मी म्हटलं, एक दुपार द्या, बोळा नव्यानं बसवते. काय म्हणालात? "बोळा घातलेला आहे ना? मग झालं!" — जशी काय दाराची कडी, लावली की लागली! भावानं झाकणाला नुसता हात लावला हो, नुसता हात —

आज तर तो बोळा मी काढूनच टाकलाय. हे बटण दाबलं की हात हलेल, थांबेल, आणि थांबताना जे सुरू होईल ते तुम्हीच बघा.

मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. काय? मोठ्यानं! — "मीच पाठवलं." हं. अजून एकदा. — हं.

झालं की. खरं तर एवढंच ऐकायला आले होते, देवाशप्पथ. वाटलं होतं, ऐकलं की आतली आग विझेल, दार उघडीन, घरी जाऊन त्याला नळीनं दूध पाजीन. पण नाही हो विझत — किती सहज म्हणालात! एवढं सोपं होतं तर त्याच्या बायकोसमोर का नाही म्हणालात? तिनं त्याच्याशी अबोला धरलाय, माहितीये? तारांनी तोंड बांधलेल्या माणसाशी अबोला! तो हातानं नाही, नाही करतो आणि ती भिंतीकडे तोंड फिरवते.

नका, हात जोडू नका. तुम्हाला मुली आहेत, ऐकलं मी. मागे सरकू नका, मागे भिंतच आहे.

चष्मा काढून खिशात ठेवा. काचा डोळ्यात जातात.