पिकपची डबी

माझं माहेर आष्ट्याचं आन् सासर वाईजवळ. आमी बौद्ध मान्सं. माझ्या बानं धर्मांतर केलं तवा घरातलं समदं देव-अंगारे नदीत सोडलं आन् पुढं आमाला शिकिवलं, पोरींनो, डोळ्याला दिसंल तेच खरं धरायचं. मी तसंच धरत आली. आता मी सांगते ते ऐकून तुमी म्हनाल म्हातारी बिघाडली, तर म्हना, पन मी डोळ्यानं बघितलंय.

आमचे मालक मिलिटरीत ड्रायव्हर हुते. पेन्शनीत आल्यावर लिलावातली जुनी पेट्रोलची जीप घेतली आन् वाई ते पाचगणी वडाप धरली, म्हंजी मान्सं कोंबायची आन् न्यायची. मानूस लय गुनाचं, वर आवाज न्हाई कधी, पन जीप म्हातारी. पसरणीचा घाट लागला की धापा टाकायची, बायाबापड्यांनी उतरून चालायचं, मग परत कोन बसतंय? डिझेलवाले भुर्रकन पुढं. आन् इकडं आमची एकुलती लेक, तिचा सातारला नर्सिंगला नंबर लागलेला. मी दुसऱ्याच्या रानात हळद भांगलायची, त्यात फी कुठनं भागतीया. समदं त्या घाटावर हुतं, काय सांगू तुमाला.

तवा वाईच्या स्टँडवर एक परगावचा मानूस आला, पिशवीभर काळ्या डब्या घिऊन, साबनाच्या वडीएवढ्या, वर लाल लाईट. इंजनातल्या कॉईलजवळ बसवा म्हनला, दोन वायरी बॅटरीला, पिकप वाढतोय, म्हंजी वडायचा जोर, आन् गाडी पेट्रोल कमी खाती. ह्येंनी घेतली. मी म्हनलं, आवं, लिंबू-मिरची बांधत न्हाई आपन, मग ही काय येगळी हाय? हे हसले. म्हनले, अगं, ही इलेक्ट्रॉनिक हाय.

दुसऱ्या दिवशी जीप घाटात अशी गेली म्हनत्यात की मागच्या बायांनी कड्या धरल्या. आवाज न्हाई, धाप न्हाई. मान्सं आमच्याच जीपला थांबाया लागली. फी भरली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पन हे घरी यायचे ते भिताड धरून. भाकरी पुढ्यात तशीच. डॉक्टर म्हनला अशक्तपना हाय, गोळ्या दिल्या. शेजारीन म्हनली उतारा टाक, मी न्हाई टाकला. एक दिवस मी कामानं पाचगणीत हुती, भर दुपारी जीप वर आली, मान्सं उतरली, आन् हे स्टेरिंगवर डोस्कं टेकून, घामानं सदरा पिळून काढावा असा, आन् धाप तर अशी की जीपभर मान्सं पाठीवर घिऊन चढलेत. मला वाटलं इंजन तापलं असंल, पानी घालावं, म्हनून बॉनेटला हात लावला. गार. माठावानी गार.

तसाच हणमंता वायरमन बोलावला. त्येनं डबी उघाडली, आत नुसतं मेनबत्तीचं मेन आन् तो लाईट, दोनी वायरी लाईटालाच. म्हनला, वैनी, फशिवलं तुमाला, असली काय, नसली काय. मी म्हनलं, मग काढ. काढली, तर दुसऱ्या दिवशी जीप घाटाच्या पयल्याच वळनावर बंद, काय केल्या चढंना. ह्येंनी गुमान डबी परत जोडली. मी आडवी झाली, म्हनलं, आवं, जीव जाईल तुमचा. हे म्हनले, पोरीचं शिक्षान हुईस्तवर तरी टिकंल.

लय रडली मी त्या दिवशी. मग दुसऱ्या दिवशी काय केलं, रानात गेलीच न्हाई, जाऊन ह्येंच्या शेजारी बसली. चढ लागला तसा ह्येंच्या गिअरवरच्या हातावर हात ठिवला. आन् काय सांगू, बसल्या जागी पोटऱ्या भरून आल्या, हळदीचं पोतं डोक्यावर घिऊन डोंगर चढावा तशा, छातीचा भाता झाला. हे माझ्याकडं बघाया लागले. म्हनले, अगं, आज हलकं वाटतंय. मला बोलाया दमच न्हवता.

तवापासनं लेक पास हुईस्तवर रोज मी त्या शिटावर. मान्सं हसायची, ड्रायव्हरची बायकू लाडाची, नवऱ्याचा हात सोडत न्हाई. हसंनात का. अर्धं ह्येंच्यावर, अर्धं माझ्यावर, असा घाट चढत हुतो आमी.

लेक नर्स झाली त्या दिवशी मी इळ्यानं वायरी कापल्या. डबी हातात आली तरी लाईट जळतच हुता, जरा येळानं इझला. कृष्णेत टाकावी तर खाली मान्सं पानी पित्यात, म्हनून दगडानं ठेचली. जीप भंगारात दिली.

आता हे हायती, मी हाय. दारापतुर चालतो आन् बसतो. गेल्यालं बळ काय माघारी आलं न्हाई, पन दोघं हाय, एकमेकाला चहा करून देतो, लय झालं. मागं लेक आल्ती, छातीला नळी लावून बघितलं आन् म्हनली, आई, कसलं गं एवढं वझं वाहिलंस? मी म्हनलं, रानातलं.

तवा तुमी लिवून घ्याया आलाय, समदं लिवा, पन लेकीचं नाव घालू नका. शिकल्याली हाय, तिला हे खरं वाटायचं न्हाई, पन वाटलंच तर? रोज दुखन्यातल्या मान्सांना हात दिऊन उठवती ती. त्या हाताला जड व्हाया नको.