कोलोरादाची पाटी

नाव इर्मा ओवेन. वय एकसष्ट. धंदा बिअर गाळणे. राहणार नदीच्या अलीकडे, जुन्या पिठाच्या गिरणीमागे, आरोयो नेग्रो. नवऱ्यापासून विभक्त. उंची मध्यम, डोळे घारे, केस पांढरे.

मी आज चौकीत बोलावणं आल्यावरून स्वतःच्या पायांनी हजर झाले असून, विचारल्यावरून समक्ष सांगते की, पुलापलीकडच्या भट्टीवरच्या ग्लादिस सोतो यांनी माझ्याविरुद्ध पाटी चोरल्याची तक्रार दिली आहे. सदर पाटी माझ्या घरी आहे. ती मी काढून आणली. चोरली नाही. चोरी लपूनछपून करतात. मी रविवारी ऐन जेवणाच्या वेळी, अर्धं गाव तिथे बाकांवर सॉसेज खात बसलेलं असताना, शिडी लावून काढली. जबाब घेणारे हवालदार फाबियान रिओस हेही त्या वेळी तिथेच एम्पनादा खात होते. हे वाक्य लिहायला त्यांनी काचकूच केली, पण लिहिलं.

हा कागद जिल्ह्याला जाणार असं हवालदार म्हणतात. तिथल्या साहेबांना आमच्या गावचं काही ठाऊक नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. अन्सेल्मो बाराओना हे माझे पती होते. आम्ही दोघांनी मिळून वीस वर्षं बिअर गाळली. पहिली खेप तयार झाली तेव्हा तिला नाव नव्हतं. अन्सेल्मोंनी ग्लास उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही तर तूच आहेस." माझे केस तेव्हा तांबडे होते. आमच्या घराण्यात ते वेल्सहून आलेल्या आजीपासून चालत आलेत. तांबड्या केसांच्या बाईला इकडे कोलोरादा, म्हणजे तांबडी, म्हणतात. तेव्हापासून आमच्या बिअरचं नाव कोलोरादा. गावात कुणालाही विचारा.

आम्ही वेगळे होऊन तीन हिवाळे झाले. भांडण कशावरून झालं ते या तक्रारीशी संबंधित नाही. वाटणीत मोठा हंडा माझ्याकडे राहिला, दोन टाक्या त्यांनी नेल्या. कुत्रा माझा, पण मुक्काम त्यांच्याकडे करतो. विरजण आम्ही अर्धं अर्धं केलं. विरजण म्हणजे यीस्ट. एक खेप गाळून झाली की तळाशी जो साका राहतो तो पुढच्या खेपेला घालायचा, असं आम्ही पहिल्या दिवसापासून एकच विरजण जगवत आणलं होतं. नावाची वाटणी केली नाही. मला वाटलं, त्यात वाटायचं काय? केस माझे, नाव माझं.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला अन्सेल्मोंनी पुलापलीकडे त्यांच्या भट्टीवर नवी पाटी लावली. त्यावर 'पुलाची कोलोरादा' असं नाव आणि खाली एका बाईचं लहानसं चित्र. मला ही गोष्ट पाववाल्याने सांगितली. मी हातातलं काम टाकून गेले. तिथे आमचं बोलणं झालं ते असं.

मी म्हणाले, "अन्सेल्मो, हे नाव कुणाचं?"

ते म्हणाले, "बिअर तांबडी आहे, इर्मा. तांबडीला तांबडी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

"तुझ्या परसातल्या टोमॅटोला म्हण. माझ्या नावाला हात लावू नकोस."

"तुझी नुसती कोलोरादा. माझी पुलाची. फरक आहे की."

पुलावर हे गृहस्थ तरुणपणी माझी वाट बघत उभे राहायचे. तोच पूल. मी तसं बोलले नाही. ग्लादिस सोतो, आता त्यांच्यासोबत राहतात त्या, आत ग्लास धूत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "बाई, गावात तांबड्या केसांच्या काय तुम्ही एकट्याच जन्मलात?" मी म्हणाले, "हो." आणि घरी आले.

मला हेवा वाटला का, असं हवालदारांनी विचारलं. वाटला. लिहा. त्यांची भट्टी उन्हाच्या बाजूला आहे, पुलावरून उतरलेला माणूस आधी तिथेच टेकतो, याचा वाटला. ग्लादिस आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली, याचा वाटला. तिची नखं अजून शाबूत आहेत. अन्सेल्मो तिला पिंप उचलू देत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वीस वर्षं पिंपं मी उचलली. तेव्हा ह्या माणसाला कधी कळलं नाही की बायकांना कंबर असते.

नावाबद्दल मी त्याच आठवड्यात या चौकीत आले होते. बिअरला काय नाव द्यावं हे पोलिसांचं काम नाही असं सांगून मला परत पाठवलं. मग मी बिअरवाल्यांच्या मंडळाचे म्हातारे तेओदोरो यांच्याकडे गेले. आमच्याकडे अशा भांडणात कोर्टाची पायरी कुणी चढत नाही. ग्लासाला विचारतात. बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉपच्या फुलांची तोडणी संपली की मैदानावर जत्रा भरते. तिथे दोघांचे डोळे बांधून पुढ्यात सहा सहा ग्लास ठेवतात. त्यात दोघांची बिअर असते, बाकी इतरांची. जो आपली बिअर ओळखेल त्याचं नाव. ज्याला स्वतःचं लेकरू ओळखता येत नाही त्याने त्याचं बारसं करू नये, असं तेओदोरो म्हणतात.

मला घोर नव्हता. माझी बिअर मी झोपेतही ओळखीन, असं मी चारचौघांत बोलून बसले होते.

जत्रेच्या दिवशी वारा होता. तेओदोरोंनी स्वतः रुमाल बांधले. मी पहिले दोन ग्लास बाजूला सारले. तिसरा तोंडाला लावला आणि थांबले. पुढचे चाखायचं मला कारणच उरलं नाही. चव थेट आमच्या पहिल्या वर्षीची होती. शेडला तेव्हा दार नव्हतं, आम्ही हंड्याच्या उबेला बसायचो. मी ग्लास टेबलावर ठेवून मोठ्याने म्हणाले, "ही माझी. हात कापून द्यायला तयार आहे." जवळजवळ त्याच वेळी शेजारून अन्सेल्मो म्हणाले, "ही माझी." रुमाल सोडले. मी त्यांची बिअर उचलली होती. त्यांनी माझी.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तेओदोरो मिशा चोळत म्हणाले, "एकाच विरजणाच्या दोघी. यात मी काय न्याय करू? पुढच्या तोडणीपर्यंत नाव दोघांनी वापरा, आणि मला पुन्हा बोलावू नका." अन्सेल्मो माझ्याकडे बघत होते. मी माझ्या ग्लासाकडे बघत होते, म्हणजे त्यांच्या. ग्लादिस सोतो यांनी कमरेचा एप्रन काढून बाकावर ठेवला आणि त्या निघून गेल्या. त्यांच्या तोंडाचा रंग उतरलेला मी पाहिला. मला बरं वाटलं, हेही लिहा, लपवायचं काही नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी पाव आणायला पुलापलीकडे गेले. पावाचं दुकान पुलाच्या अलीकडे आहे, असं हवालदारांनी निदर्शनास आणून दिलं. बरोबर आहे. तरी मी पलीकडे गेले.

ग्लादिस सोतो पाटीखाली उभ्या होत्या. त्यांचे केस जन्मापासून कोळशासारखे काळे, हे गावाला माहीत आहे. त्या दिवशी ते तांबडे होते. राजधानीकडून आलेली पाहुणेमंडळी ग्लास घेऊन उभी होती. त्यातला एकजण पाटीकडे बघून, मग त्यांच्याकडे बघून म्हणाला, "अच्छा, म्हणजे कोलोरादा ती तुम्ही." त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्या नाहीत, पण मान हलवली. त्याने दोघींचा फोटो काढला, पाटीचा आणि त्यांचा.

मी पुढे झाले. आमचं बोलणं हळू आवाजात झालं, सबब साक्षीदार नाहीत.

मी म्हणाले, "नवरा घेतलास, भट्टी घेतलीस. आता डोकंसुद्धा माझंच पाहिजे का गं तुला?"

ग्लादिस म्हणाल्या, "नवरा तुम्ही सोडला होतात, बाई. मी पडलेला उचलला."

"मग तेवढ्यावर राहायचं होतंस."

"कशी राहू? सकाळपासून रात्रीपर्यंत तुमचं नाव घेऊन ग्लास भरते मी. एक कोलोरादा द्या, दोन कोलोरादा द्या. झोपेत हा माणूस कुठलं नाव घेतो ते मी विचारत नाही, दिवसा तरी किती ऐकायचं? म्हटलं, निदान ते नाव घेताना लोकांनी माझ्याकडे बघावं."

यावर मी शिडी आणली.

शिडी त्यांच्याच शेडमागची. वाटणीआधी ती आमची होती, त्यामुळे कुठे असते ते मला ठाऊक होतं. मी चढले. बाकांवरचे लोक खायचे थांबले. अन्सेल्मो आतून धावत आले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, आणि मी तयारीत होते. ते म्हणाले, "इर्मा, त्या शिडीचा डावा पाय लंगडा आहे." आणि त्यांनी शिडी धरली. मी पक्कड मागितली नव्हती, तीही त्यांनीच वर दिली. म्हणाले, "उजवीकडचा खिळा गंजलाय. आधी डावा काढ."

ग्लादिस म्हणाल्या, "अरे, ती आपली पाटी काढतेय आणि तू शिडी काय धरतोस?"

ते म्हणाले, "पडेल ना ती."

एवढंच. खाली उतरताना पाटीचं एक टोक त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी सोडलं आणि मी पाटी काखोटीला मारून पूल ओलांडला. कुत्रा माझ्या मागोमाग आला. तक्रार ग्लादिस सोतो यांनी दिली आहे, अन्सेल्मो बाराओना यांनी दिलेली नाही. त्यावर त्यांची सही नाही, हे मी स्वतः कागद फिरवून पाहिलं आहे. याची वेगळी नोंद घ्यावी.

पाटी सध्या माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिची मोडतोड केलेली नाही. घरी आल्यावर मी ती प्रथमच जवळून पाहिली. नावाखाली जी बाई रंगवली आहे तिची वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली आहे आणि टोकाला सुतळी बांधली आहे. आम्ही बिअर गाळायला लागलो तेव्हा मी तशी वेणी घालायचे. रिबीन हंड्यात पडेल म्हणून सुतळी. ग्लादिस सोतो यांचे केस मानेपर्यंत कापलेले आहेत.

पाटी परत करणार का, असं हवालदारांनी विचारलं. आधी मी नाही म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "इर्माबाई, तुम्ही परत दिली नाहीत तर कागद न्यायाधीशाकडे जाईल. तो तुम्हा दोघांचंही नाव बंद करेल आणि आम्ही प्यायचं काय?" मी अट घातली की ग्लादिस सोतो यांनी आधी डोक्यावरचा रंग उतरवावा. केसांबद्दल कायद्यात काही नाही, असं उत्तर मिळालं. मग मी म्हणाले, निदान एवढं लिहा की तो रंग डब्यातला आहे. तेही लिहिता येणार नाही, तक्रारदाराची बदनामी होते, असं सांगितलं. मी विचारलं, "आणि माझी?" हवालदारांनी चहा मागवला.

चहा होईपर्यंत मी विचार केला. पाटी मी उद्या सकाळी स्वतः नेऊन देईन. वेणीला हात लावणार नाही. नाव त्यांनी वापरावं, माझी हरकत नाही. पाटी लावायला शिडीवर अन्सेल्मोंनी चढावं आणि शिडी ग्लादिसने धरावी. ही अट नाही, शिडी लंगडी आहे म्हणून सांगते.

याउपर मला काही सांगायचं नाही. वरील मजकूर हवालदार रिओस यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, फक्त सुरुवातीच्या वर्णनात एक चूक आढळली. केसांचा रंग हवालदारांनी मला न विचारता स्वतःच्या मनाने लिहिला होता. तो दुरुस्त करावा असं मी सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. हुज्जत घातली नाही. 'पांढरे' या शब्दावर रेघ मारून त्यांनी वर 'तांबडे' असं लिहिलं आणि बाजूला आपली सही केली. आता जबाब बरोबर आहे. त्याखाली मी माझी सही करत आहे.

इर्मा ओवेन