चेहऱ्यांपासून लांब

— शैली? शैली कसली डोंबलाची! एवढा मोठा दिग्दर्शक, लिही बाई तुझ्या पुस्तकात, खुशाल लिही — पहिल्या तीन सिनेमांत तो माणसांच्या चेहऱ्याला कसा भिडला आणि मग कसा ‘अलिप्त’ होत गेला. अलिप्त म्हणे! अगं, मी त्याची बायको होते. दोन खोल्यांचं घर, तिथेच शूटिंग — नायिका मी, मधल्या वेळात सगळ्यांचा चहा करणारीही मीच. कॅमेरा जरा मागे न्यावा तर ह्याची पाठ भिंतीला टेकायची. मग चेहरे जवळून दिसतील नाहीतर काय होईल? समीक्षकांना त्यात आत्मा दिसला. दिसो बापड्यांना.

मग बदलला का म्हणतेस? मोठे सेट मिळाले म्हणून? छे, ते तो मुलाखतीत सांगतो. चौथ्या सिनेमाचं काम चाललेलं. मी मेकअप करून तयार, आणि धाकटा भाऊ धापा टाकत सेटवर आला — "ताई, बाबा गेले." मी तिथेच हंबरडा फोडला. आणि हा — बाबांचा लाडका जावई बरं का — जागचा हलला नाही. कॅमेरामनला हळूच म्हणाला, "चालू ठेव. जवळ जा." जवळ जा! तेच रडणं पडद्यावर गेलं, बक्षिसं मिळाली, लोकांनी उभं राहून टाळ्या पिटल्या. मी त्याआधीच घर सोडलं होतं. त्यानंतर बघ, एक चेहरा जवळून घेतला नाही पठ्ठ्याने. माणसं मुंग्यांएवढी, नाहीतर पाठमोरी. तू ह्याला प्रगल्भता म्हण — मी म्हणते, तोंड लपवतोय.

मला कसं ठाऊक? कसं म्हणजे — बघते ना. त्याचे सगळे सिनेमे बघते. पहिल्याच दिवशी, दुपारच्या खेळाला, एकटीच. आत्ताच्या सिनेमात ती भांडी घासणारी बाई आहे ना, पाठमोरी — ओल्या हाताच्या मनगटाने केस मागे सारते — तशी मी सारायची. मेल्याने एवढं लक्षात ठेवलंय. आणि मी तिथे अंधारात बसून, आता वळेल, आता तोंड दाखवेल... नाही वळली. भित्रा कुठला! एकदा वळवून तर —

ए, फोटो काय काढतेस? तो मोबाइल खाली ठेव. खाली ठेव म्हणते ना! एवढ्या जवळून नको. ऊठ, झालं तुझं पुस्तक. जाताना दार ओढून घे.